लाल गाडीची स्प्रिंग आणि माझा डावा पाय

माझ्या धंद्यातलं मुख्य हत्यार कुठल्याच पेटीत सापडायचं नाही. ते माझ्या डाव्या घोट्याच्या खाली आहे. पाने, हातोड्या, जॅक सगळं दुकानात मिळतं. तळवा मिळत नाही.

बारामतीची एमआयडीसी मागं टाकून भिगवणकडं निघालं की डाव्या हाताला माझं गॅरेज लागतं. पाटी आहे, पण तिच्यावर बाभळीची फांदी आलीय आणि मी ती तोडत नाही. ज्याला यायचं त्याला पाटी लागत नाही. ट्रॅक्टर, टेंपो, जीप, दुधाच्या गाड्या, सगळ्यांचे क्लच मी इथं केले. इंजिनाचं कामही करतो, पण माणसं मला क्लचवालेच आबा म्हणतात. डॉक्टर लोकांत कसा एखादा नुसता डोळ्याचाच असतो, तसा मी.

दिवाळी अंकवाले म्हणाले, आबा, धंद्यातलं काहीतरी लिहून द्या. मी म्हणालो, माझी शाळा चौथीत सुटली, आणि शाळेनंही मला थांब म्हटलं नाही. तर म्हणाले, बोलता तसं लिहा. आता तसंच लिहितोय, मग तक्रार करायची नाही.

ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी आधी क्लच सांगतो. इंजिन सारखं फिरत असतं. चाकं कधी फिरतात, कधी थांबतात. या दोघांच्या मधे एक चकती असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. डाव्या पायानं पॅडल दाबलं की प्लेट इंजिनापासून सुटते, पॅडल सोडलं की चिकटते. सुटणं आणि चिकटणं यांच्या मधे एक बोटभर जागा असते, तिथं प्लेट धड सुटलेलीही नसते आणि धड चिकटलेलीही नसते. त्याला हाफ क्लच म्हणतात. गाडी चालवणं म्हणजे ती बोटभर जागा पायाला सापडणं. बाकी मग स्टिअरिंग काय, कुणीही फिरवतं.

ती जागा मी तळव्यानं बघतो. माझ्या गॅरेजात गाडी आली की मी चप्पल काढून बसतो. देवळात काढतो तशी. पॅडल एकदा खाली, एकदा वर, आणि वर येताना सावकाश. तेवढ्यात प्लेट कुठं पकडते, धरताना थरथरते का, अजून किती दिवस काढील, सगळं पायाला कळतं. आणि नुसती गाडीच कळते असं नाही, चालवणारा पण कळतो.

इंदापूरचे एक गुरुजी होते. त्यांची प्लेट लवकर लवकर जायची. मी त्यांना विचारलं, "गुरुजी, गाडी चालवताना तुमचा डावा पाय कुठं असतो?"

"गाडीतच असतो की, आबा."

"गाडीत कुठं?"

गुरुजी विचारात पडले. पाय कायम पॅडलवर टेकवून ठेवायची सवय, आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. सांगून सवय जाणार नव्हती. मी बैलाच्या माळेतलं एक घुंगरू काढलं आणि तारेनं पॅडलला बांधलं. पाय टेकला की वाजणार. पुढच्या खेपेला आले तेव्हा सवय गेली होती. मी घुंगरू सोडायला वाकलो तर म्हणाले, "राहू द्या आबा, त्याच्याशिवाय आता गाडी गप्प गप्प वाटते."

असा धंदा चालला होता. मग माझ्याच पायाचं घुंगरू वाजायचं बंद झालं.

झालं असं, की एकदा संध्याकाळी गॅरेजातून चालत घरी आलो. आमच्या कुसुमनं दारातच विचारलं, "अवो, एक चप्पल कुठं ठिवली?"

खाली बघितलं तर उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. कुठं सुटली, कधी सुटली, काही पत्ता नाही. मी म्हणालो, "तुटली म्हणून टाकली." ती रस्त्यावर जाऊन धड चप्पल उचलून घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. कुसुम बोलली नाही की मला जास्त ऐकू येतं.

साखर मला आधीपासून आहे. कुसुमला घेऊन बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी मला झोपवलं आणि एक प्लॅस्टिकचा दोरा घेतला. "आबा, डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला की सांगा."

मी डोळे मिटले. आता मी कुणी लेचापेचा नाही. "व्हय," म्हणालो. थोडं थांबून "व्हय." मग परत "व्हय." असं चांगलं करत आणलं. मग फार शांतता वाटली म्हणून डोळे उघडले, तर बाई टेबलापाशी बसून लिहीत होत्या.

"आबा," त्या म्हणाल्या, "मी कधीच थांबले होते."

त्यांनी सांगितलं, साखरेनं पायाच्या नसा मंद झाल्यात. अनवाणी चालायचं नाही. रोज रात्री तळवे बघायचे. आणि मऊ रबराची, मागून पट्टा असलेली चप्पल घालायची, घरातसुद्धा. कुसुमनं तिथंच ती विकत घेतली. मी घरी आल्यावर ती खोक्यासकट पिठाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली. अनवाणी चालायचं नाही म्हणजे मी क्लच कशानं बघू? कुसुमला म्हणालो, थंडी पडली की घालतो. थंडी पडली. मग म्हणालो, एवढी काय थंडी नाही.

गिऱ्हाइकांपैकी कुणाला मी यातलं काही सांगितलं नाही. ट्रॅक्टर येत होते, मी चप्पल काढून बसत होतो, सांगत होतो, आणि बरोबर निघत होतं. पण ट्रॅक्टरचं काय, ती सगळी माझ्या ओळखीची. त्यांचं दुखणं आवाजावरूनच कळतं.

अशात दत्ताभाऊ आला.

दत्ताभाऊ कळसचा. शेडनेटमधे ढोबळी मिरची करतो, आणि करतो म्हणजे करतो, त्याच्या मिरचीच्या पेट्या लांबलांबच्या मार्केटला जातात. चाळिशीचा असेल. दोन वर्षं मिरचीला भाव सापडला तसं त्यानं पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोन सीटची, रस्त्याला पोट टेकलेली, गिअर हातानं टाकायचे. त्याच्या आईला पहिल्यांदा त्या गाडीत बसवलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, "दत्ता, ही गाडी बसायची हाय का घालायची?"

गाडी माझ्या दारात आली ती आचके देत आली आणि दारातच बंद पडली.

"राम राम आबा."

"राम राम. ही का अशी उचकी लागल्यागत करतीया?"

"त्येच तर इचारायला आलोय. क्लच कुठं पकडतोय ते कळतच न्हाय. पाय ठेवला की कापसावर ठेवल्यागत. भिगवणच्या चौकात रोज बंद पडती. माणसं म्हणत्यात, दत्ताशेठ, ढकलायला येऊ का?"

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "संक्रांतीनंतर पुण्याचा एक जण बघायला येणार हाय. प्लेट गेली असंल तर पार गिअरबॉक्स उतरवायचा, प्लेट परदेशातनं मागवायची, ते काय मला झेपायचं न्हाय. मग देऊनच टाकतो. प्लेट चांगली असंल तर जीव गेला तरी इकत न्हाय. तुमचा पाय काय म्हणतो तेवढं सांगा."

मी चप्पल काढली, आत बसलो म्हणजे आत पडलो, आणि पाय पॅडलवर ठेवला. खाली दाबलं. सावकाश वर सोडलं.

काहीच नाही.

परत केलं. काहीच नाही. पॅडल निम्म्यापर्यंत होतं आणि मग नुसतं हवेत गेल्यासारखं झालं. वर येतानाही तेच. प्लेट कुठं धरली, कुठं सोडली, काही म्हणजे काही कळलं नाही. गाडी दोनदा बंद पडली. माझ्या हातानं, म्हणजे पायानं, गाडी बंद पडायची गोष्ट मला आठवत नाही.

दत्ता दारात वाकून बघत होता. "काय म्हणतो पाय?"

आता माझी अडचण बघा. दत्ता म्हणत होता पॅडल कापसासारखं आहे. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या तळवा कापसासारखा आहे. मला कळत नव्हतं ते गाडीमुळं का माझ्यामुळं? गाडीमुळं असेल तर मी मेकॅनिक. माझ्यामुळं असेल तर मी गॅरेजात बसलेला एक म्हातारा.

"गाडी ठिवून जा," म्हणालो. "अशी घाईत सांगायची गोष्ट न्हाय ही."

तो गेल्यावर मी माझ्या जुन्या जीपमधे जाऊन बसलो आणि तिचा क्लच दाबला. बरोबर कळला. जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, जीपचा क्लच मीच बसवलेला, तो मला झोपेतही सांगता येईल. ती कसली परीक्षा? डॉक्टरीणबाईंपुढं "व्हय" म्हटल्यासारखंच ते.

एक सांगतो. प्लेट सटकते का नाही ते बघायला पाय लागत नाही. वरच्या गिअरमधे चढावर रेस दिली आणि नुसतं इंजिनच ओरडलं, गाडी पळाली नाही, की प्लेट सटकली. ते मी केलं. सटकत नव्हती. पण न सटकणारी प्लेटसुद्धा आतून संपत आलेली असू शकते, आणि ते पकडीवरून कळतं. तिथंच माझं अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दत्ता आला तो मोबाइल पुढं करतच आला. "आबा, ह्यो बघा व्हिडिओ. बाहेरदेशी ह्या गाडीची पॅडलची स्प्रिंगच बदलत्यात. अपग्रेड म्हणत्यात त्याला. दुसरी बारीक तारंची टाकत्यात."

"बारीक?"

"व्हय. मूळच्यापेक्षा नरम."

"नरम टाकून कुणाचं भलं झालंय रं? पॅडल आधीच मेंगळट हाय, त्याला अजून नरम स्प्रिंग? ठेव तो फोन खिशात."

आमच्याकडं ट्रॅक्टरच्या क्लच पॅडलला एक स्प्रिंग असते. तिचं काम एकच, पॅडल वर खेचायचं. पॅडल सुस्त झालं की जाड स्प्रिंग टाकायची, पॅडल टुणकन वर. आयुष्यभर हेच केलं. मी स्प्रिंगांचा डबा उपसला, त्यातून मापाची एक दांडगी स्प्रिंग काढली, लाल गाडीच्या पॅडलला मूळच्या स्प्रिंगच्या जागी बसवली. "हे खरं अपग्रेड," म्हणालो. "बस आणि दाब."

दत्तानं बसून, गाडी चालू करून पॅडल दाबलं. निम्म्यापर्यंत त्यानं दाबलं. तिथून पुढं पॅडल त्याच्या पायाखालून निसटून खाडकन तळाला जाऊन चिकटलं आणि तिथंच बसलं.

"आबा, वर येईना!"

"पाय काढ."

"काढलाय की! आपआपच बसलंय त्ये!"

गॅरेजापुढं जरा उतार आहे. दत्तानं गिअर टाकला होता, पण क्लच खाली बसलेला, म्हणजे गाडी मोकळीच. ती निघाली आपली सावकाश उताराला. दत्ता एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं खाली पॅडल उपटतोय आणि मी मागून ओरडतोय, "ब्रेक! आरं ब्रेक दाब की!" त्यानं ब्रेक दाबला तेव्हा गाडीचं नाक पाण्याच्या हौदापासून वीतभर होतं. हौदावर शेजारच्यांची म्हैस पाणी पीत होती. तिनं तोंड वर करून बघितलं आणि परत पाण्यात घातलं.

दत्तानं खिशातून मोबाइल काढला. दाखवला मात्र नाही. एवढा त्यानं मान ठेवला.

तो गेल्यावर मी गाडीच्या आत उलटा शिरलो. डोकं पॅडलपाशी, पाय सीटवर. मूळची स्प्रिंग परत जागेवर लावली आणि पॅडल हातानं दाबलं. हात माझे शाबूत आहेत. निम्म्यापर्यंत स्प्रिंग हाताला वर ढकलत होती. निम्मं ओलांडलं आणि ती फिरली. तीच स्प्रिंग आता पॅडल खाली ओढायला लागली. माझ्या हातून ओढून घेऊन चालली होती.

तेव्हा उजेड पडला. ही स्प्रिंग पॅडल वर आणायला नव्हतीच. क्लच जड लागू नये म्हणून कारखान्यातच मदतीला दिलेली स्प्रिंग होती ती. गावात कांद्याचं पोतं दोघं मिळून उचलतात ना, तसं. समोरचा त्याच्या वाटणीपेक्षा जास्त जोर लावायला लागला, की आपल्या हाताला पोत्याचं वजन कळत नाही, आणि त्यानं सोडलं की आपण कोलमडतो. नेमक्या पकडीच्या जागेवरच ही मदत उलटी फिरत होती. मग पायाला काय कळणार? आणि मी तिच्या जागी तिच्यापेक्षा दांडगा मदतनीस लावला होता.

मी तिथंच उलटा पडून हसलो. मोबाइलवाले बरोबर होते. आणि मुख्य म्हणजे, दोष पॅडलचा होता. निदान अर्धा तरी.

स्प्रिंग अजिबात काढून टाकली तर पॅडल लटलटतं, वर येऊन नीट टेकत नाही. ती हवीच, पण नरम. एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमधून बारीक तार आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेथला दांडा लावून त्याच्यावर तार गुंडाळली, मूळच्या स्प्रिंगएवढीच लांब. मग भट्टीत धरली. तार गव्हाळ रंगावर आली की बाहेर काढायची, त्यापुढं गेली तर मऊ पडते. गार झाल्यावर दोन्ही टोकं छाटली आणि ग्राइंडरवर सपाट केली. मूळची आणि नवी, दोन्ही भाजीच्या काट्यावर ठेवून ड्रिल मशिननं दाबून बघितल्या. नवी निम्म्याच्या आसपास दाबाची भरली. मला तेवढीच हवी होती. काम हातात असलं की मी चपला कुठं काढल्या ते बघत नाही. सगळं अनवाणीच चाललं होतं.

दत्ता आला. स्प्रिंग बसवली. मी चप्पल सीटमागं टाकली आणि भिगवणच्या रस्त्याला लागलो. दत्ता शेजारी, गुडघे छातीशी घेऊन.

पहिल्याच गिअरला फरक. पॅडल जरा जड लागत होतं, पण सरळ. खालपासून वरपर्यंत एकसारखं. गाडी उचकी न देता निघाली. भिगवणच्या अलीकडं रेल्वेवरच्या पुलाला चढ आहे. साखर कारखाने चालू होते, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं चढत होता, आणि बरोबर चढावर थांबला. मागं दुधाचा टँकर, तोही चिकटून.

दत्ताचा चेहरा उतरला. "आबा, हितंच बंद पडती ही."

मी हँडब्रेकला हात लावला नाही. पॅडल सावकाश सोडत आणलं, आणि ती बोटभर जागा आली. आली म्हणजे अशी आली, जसं अंधारात कुणी खांद्यावर हात ठेवावा. तिथं धरली. गाडी मागं सरकेना, पुढं जाईना, बंद पडेना. ना थरथर, ना धक्का. ट्रॅक्टर हलला तशी अलगद पुढं काढली.

"प्लेट चांगली हाय," मी म्हणालो. "त्या पुणेकराला येऊ नको म्हणून सांग."

दत्तानं तिथंच फोन लावला. भिगवणला मासे खाल्ले, चिलापी, तळलेली. मी त्याला इकडचं तिकडचं खूप सांगितलं. पायाबद्दल तर जरा जास्तच सांगितलं. पन्नास वर्षांचा पाय, म्हणालो, असा पाय या पट्ट्यात दुसरा नाही. परतीला मला घरी सोडून तो गाडी घेऊन कळसला गेला.

दिवेलागणीला त्याचा फोन आला.

"आबा, हाटेलात काय कापून घेतलं का तुमी?"

"न्हाय. का रं?"

"न्हाय, मॅटवर रगात हाय. क्लचच्या बाजूला."

"तुझं असंल."

"मी बूट घालून चालवलीया. आणि मला कुठं काय लागल्यालं न्हाय."

मी फोन ठेवला. कुसुम समोर भाकरी थापत होती. दत्ताचा आवाज तिच्यापर्यंत पोचला होता. हात धुतले, आली, माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि उजेडाकडं वळवला. मग चिमटा घेऊन आली. तळव्याच्या मधोमध घुसलेला तुकडा तिनं ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

तारेचा तुकडा. गव्हाळ रंगाचा. बघताक्षणी ओळखला. माझ्याच स्प्रिंगचं छाटलेलं टोक. सकाळपासून तो माझ्या पायात होता. त्याच्यावर मी चाललो, त्यानंच क्लच दाबला, आणि त्याच्यावर उभं राहून पायाच्या बढाया मारल्या.

"स्प्रिंग चांगली झालीया का?" कुसुमनं विचारलं.

"चांगलीच झालीया."

"मग मला येवढंच सांगा. ज्या पायाला ही तार टोचली न्हाय, त्या पायाला गाडीचं कसं कळलं?"

ती पट्टी बांधत होती आणि मी भिंतीकडं बघत होतो.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं, पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. मी खाटेवर पडून राहिलो आणि कुसुमचा प्रश्न चघळत राहिलो. दत्ता माझ्या पायावर विसंबून, घरी आलेलं स्थळ मोडावं तसा पुणेकराचा सौदा मोडून बसला होता. तो पाय मेलेला होता. मग पुलावर मला कळलं ते काय होतं? का मला कळावंसं वाटत होतं म्हणून मी "व्हय" म्हणालो?

शेवटी दत्ताला बोलावून घेतलं. तो खाटेशेजारी स्टुलावर बसला.

"दत्ता, माझा तळवा गेलाय," मी म्हणालो. "साखरेनं. बरेच दिस झालं. मी सांगितलं न्हाय. प्लेटंचं मी बोललो त्याच्यावर जाऊ नको. दुसऱ्या कुणाला तरी दाखव."

दत्तानं माझ्या पट्टीकडं बघितलं. "आबा, तवापासनं मी रोज चौकातनं जातोय. एकदाबी बंद पडली न्हाय."

"ती स्प्रिंग झाली. मी प्लेटंचं बोलतोय."

"मग बरं झाल्यावर परत बघा."

"कशानं बघू?"

"ते तुमी बघा," दत्ता म्हणाला. "आमाला काय कळतंय त्यातलं. पण मी दुसऱ्या कुणाला दाखवणार न्हाय."

असलं गिऱ्हाईक फार वाईट. नाही म्हणू देत नाही.

जखम भरत आली तशी मी जीपमधे नुसता बसून बघायला लागलो. जीपचा क्लच मला पाठ होता, म्हणून या खेपेला परीक्षा उलटी घेतली. पकड कुठंय ते माहीत होतं. ती मला कुठं कळते, एवढंच शोधायचं होतं. डोळे मिटून, सावकाश. तळव्याला विचारलं, तो गप्प. घोट्याला विचारलं, तोही गप्प. आणि मग गुडघ्याच्या वाटीमागं, आतल्या बाजूला, काहीतरी हललं. बसकणीतही हललं, सीटमधून येतं तसं. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. म्हणजे किती वर्षं हे असंच होतं कुणास ठाऊक. काम गुडघा करत होता आणि नाव तळव्याचं होत होतं.

पण जीप ती जीप.

संक्रांतीच्या आधी दत्ता लाल गाडी घेऊन आला. मी गॅरेजातून बाहेर आलो. त्यानं नेहमीसारखं दार उघडून धरलं आणि माझ्या पायांकडं बघत उभा राहिला, मी चप्पल काढायची वाट बघत. पायात ती होती, फळीवरची, मऊ रबराची, मागून पट्टा असलेली. कुसुमनं सकाळी पट्टा लावून दिला होता.

"थांबलायस कशापायी?" मी म्हणालो. "बस तिकडं."

तसाच आत बसलो. भिगवणच्या पुलावर उसाची ट्रॉली असतेच त्या दिवसांत, होतीच. चढावर थांबलो. मी दत्ताला म्हणालो, "एक शब्द बोलू नको." तो तर श्वासही घेत नव्हता.

पॅडल सोडत आणलं. तळव्याला रबरही कळत नव्हतं, पॅडलही कळत नव्हतं. मी त्याला विचारलंच नाही. निम्म्यावर आलं, निम्म्याच्या थोडं वर, आणि गुडघ्यामागं ती बोटभर जागा आली. मागच्यासारखीच, खांद्यावर हात ठेवल्यासारखी. धरून ठेवली. ट्रॉली हलेपर्यंत धरून ठेवली. थरथर नाही. प्लेटमधे अजून पुष्कळ जीव होता.

दत्तानं हळूच विचारलं, "काय म्हणतो पाय?"

"पाय काय म्हणत न्हाय," मी म्हणालो. "गुडघा म्हणतोय, ठेव गाडी."

भिगवणला हॉटेलसमोर गाडी लावली. दार उघडलं, आणि मी सवयीनं हात मागं घालून सीटमागं चाचपायला लागलो.

"काय हुडकताय आबा?"

"चप्पल."

"पायात हाय की."

खाली वाकून बघितलं. होती.